दिव्यांगांच्या शासकीय सवलती : दाखला ते मंजुरी



दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर आम्ही काही कार्यकर्ते कागदपत्रांचे काम पाहत बसतो. कोणाला जातीचा दाखला हवा असतो, कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. अशाच एका रविवारी एक माउली आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा जन्मापासून मतिमंद. तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला कागद काढला. तो दिव्यांगत्वाचा दाखला होता. त्यावर टक्केवारी ७५ आणि तारीख सहा वर्षांपूर्वीची. तिने विचारले, "दादा, सरकारकडून पैसे कधी सुरू होतील? सहा वर्षं वाट बघतेय."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. कारण सहा वर्षांपूर्वी जिल्हा रुग्णालयात तिच्याबरोबर आमच्यापैकीच दोघे गेले होते. दाखला हाती पडला तेव्हा आम्हालाही आनंद झाला आणि काम फत्ते झाले असे समजून आम्ही घरी परतलो. पुढे तहसील कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो, हे आम्ही तिला सांगितलेच नाही. तिची समजूत अशी, की दाखला मिळाला म्हणजे नाव सरकारात गेले. त्यानंतर तिचा अर्ज भरला आणि काही महिन्यांनी अनुदान सुरू झाले. पण मंजुरीपूर्वीच्या सहा वर्षांचे काहीच मिळाले नाही. दरमहा एक हजार रुपये धरले तरी ही रक्कम बहात्तर हजार होते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे हे नुकसान आमच्या अपुऱ्या माहितीमुळे झाले. तसे पुन्हा कोणाचे होऊ नये म्हणून हा लेख.

ही भीक नव्हे

मदत मागायला आपल्या अनेक बांधवांना संकोच वाटतो. "हातपाय धड नाहीत म्हणून सरकारपुढे हात पसरायचे का?" असे स्वाभिमानी माणसे विचारतात. त्यांना आम्ही भारतीय संविधानाचे कलम ४१ दाखवतो. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा प्रसंगी नागरिकाला साहाय्य मिळावे यासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत तरतूद करावी, असे हे कलम सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने घडविलेल्या संविधानातील हे मार्गदर्शक तत्त्व आहे.

मार्गदर्शक तत्त्वासाठी थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. त्यासाठी कायदा लागतो. तो कायदा प्रथम १९९५ मध्ये झाला व ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते. त्याच्या जागी 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' आला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आज हाच कायदा चालू आहे. यात प्रकार २१ झाले आणि नोकरीतील आरक्षण ४ टक्के झाले. तेव्हा अर्ज करणारा माणूस भीक मागत नाही, कायद्याने दिलेला हक्क मागतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला.

पात्र कोण?

अंधत्व, बहिरेपण, हातापायाचे अपंगत्व एवढेच प्रकार लोकांना माहीत असतात. प्रत्यक्षात यादी बरीच मोठी आहे. अल्पदृष्टी, कमी ऐकू येणे, वाचा व भाषा दोष, कुष्ठरोगातून बरे झालेले, सेरेब्रल पाल्सी, बुटकेपणा, स्नायूंचा क्षय, ॲसिड हल्ल्यातील पीडित, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरॉसिस, पार्किन्सन, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि एकापेक्षा अधिक दिव्यांगता, हे सर्व त्यात येतात.

विदर्भातील सभासदांनी सिकलसेलकडे विशेष लक्ष द्यावे. तिकडे आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही हा आजार आढळतो. रक्ततपासणीत 'एसएस' म्हणजे आजारी आणि 'एएस' म्हणजे केवळ वाहक. वाहक व्यक्तीला दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही. आजारी व्यक्ती मात्र तपासणीसाठी जाऊ शकते. वारंवार सांधे दुखतात, रक्त चढवावे लागते, शाळा बुडते, अशा मुलाच्या आईवडिलांना हा दिव्यांगत्वाचा प्रकार आहे हेच ठाऊक नसते.

नुसता प्रकार यादीत असून भागत नाही. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व लागते. कायदा त्याला लक्षणीय दिव्यांगत्व मानतो. ही टक्केवारी माणसाच्या दुःखावरून ठरत नाही, तर केंद्र शासनाच्या मोजमाप नियमांनुसार ठरते. म्हणूनच पुष्कळांचा गैरसमज होतो. उदाहरणार्थ, एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा चांगला असेल तर नियमाप्रमाणे ३० टक्केच धरतात. एका कानाने अजिबात ऐकू येत नाही पण दुसरा कान ठीक आहे, अशी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, कारण व्याख्या दोन्ही कानांची आहे.

मात्र येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन प्रकारचे दोष असतील तर दोन्ही तपासून घ्यावेत. त्यांची सरळ बेरीज होत नाही, पण एकत्रित टक्केवारी काढण्याचे सूत्र आहे : ९० मधून मोठा आकडा वजा करावा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागावे, आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवावे. समजा डोळ्याचे ३० टक्के आणि पायाचे २० टक्के आहेत. ९० वजा ३० म्हणजे ६०; त्याला २० ने गुणून ९० ने भागल्यास सुमारे १३; ३० अधिक १३ म्हणजे ४३. डोळ्याचाच दाखला काढला असता तर हा माणूस अपात्र ठरला असता. पायही दाखवल्यामुळे तो पात्र झाला. म्हणून डॉक्टरांसमोर लाजू नये, काही लपवू नये आणि काही वाढवूनही सांगू नये.

पहिली पायरी : दाखला व ओळखपत्र

दाखल्याचा अर्ज केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो. संगणकाची सवय नसेल तर सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात भरून मिळतो. दाखल्याबरोबरच वैश्विक ओळखपत्र मिळते. त्यालाच लोक 'यूडीआयडी कार्ड' म्हणतात. अर्ज करताना पुढील गोष्टी जवळ ठेवाव्यात :

१) आधार कार्ड, किंवा आधारसाठी नोंदणी केल्याची पावती.
२) रहिवासाचा पुरावा.
३) अलीकडचा फोटो, आणि सही अथवा अंगठा.
४) आजवरच्या उपचारांचे कागद : केसपेपर, एक्स-रे, शस्त्रक्रियेची कागदपत्रे, रक्ततपासणी, ऐकण्याची किंवा बुद्धीची चाचणी झाली असल्यास तिचा अहवाल.
५) जुना दाखला असल्यास तो.

अर्जात नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहावे. एका अक्षराचा फरक पुढे बँकेत व तहसीलमध्ये त्रास देतो, हा आमचा अनुभव आहे. अर्ज भरल्यावर नोंदणी क्रमांकाची पावती मिळते, ती सांभाळावी. मग आपल्या जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयात तपासणीला जावे लागते. कोणत्या प्रकारची तपासणी कोणत्या वारी होते हे प्रत्येक रुग्णालयात वेगळे असते. आधी चौकशी करून मगच मजुरी बुडवावी. मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच असे दोन्ही न्यावे.

कार्डावरील रंगावरून टक्केवारी कळते : ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा आणि ८० किंवा त्याहून अधिक असल्यास निळा. पांढरे कार्ड हातात आले म्हणजे ४० टक्क्यांची अट असलेल्या सवलती मिळणार नाहीत, हे समजून घ्यावे.

दाखला कायमचा आहे की तात्पुरता, हे नीट वाचावे. सुधारणा होण्याची शक्यता असेल तर डॉक्टर ठरावीक मुदतीचा दाखला देतात. मुदत संपली की अनुदान आणि सवलत दोन्ही अडकतात. तेव्हा मुदतीच्या चार-पाच महिने आधीच नूतनीकरणाला लागावे. दाखला एका जिल्ह्यात निघाला तरी तो संपूर्ण देशात ग्राह्य असतो.

दाखला नाकारला किंवा टक्केवारी कमी वाटली तर भांडण करू नये. नकाराचे कारण लेखी मागावे. ते देणे वैद्यकीय अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. लेखी कागद हाती नसेल तर अपिलाला आधार राहत नाही.

दुसरी पायरी : अनुदानाचा अर्ज

येथेच बहुतेक जण थांबतात, आणि आम्हीही येथेच चुकलो होतो. रुग्णालय दाखला देते, पैसे देत नाही. दरमहा अनुदानासाठी महसूल विभागाकडे वेगळा अर्ज करावाच लागतो.

महाराष्ट्रात यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ती १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांखालील, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या आणि किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहणाऱ्या गरीब व्यक्तीला तिचा लाभ मिळतो. इतर निराधारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. हा फरक गावपातळीवर पुष्कळदा सांगितला जात नाही आणि "तुमचे उत्पन्न एकवीस हजारांच्या वर आहे" म्हणून माणूस परत पाठवला जातो. तेव्हा आपण ही मर्यादा ठामपणे पण सौजन्याने सांगावी. अनुदान जुलै २०२३ पासून दरमहा १५०० रुपये झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला.

८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या, १८ ते ७९ वयाच्या आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्या व्यक्तीसाठी केंद्र शासनाची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ पासून आहे. त्यात केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये असतो व त्यावर राज्य शासन भर घालते.

अर्जासोबत दिव्यांगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि फोटो लागतात. अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत, तलाठ्यामार्फत किंवा सेवा केंद्रातून देता येतो. छाननीनंतर मंजुरी मिळते. अर्ज कोठेही द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोचीवर तारीख व शिक्का पाहिजे. पोच नसलेला अर्ज हरवला तर तो दिलाच नव्हता असे ठरते.

रक्कम थेट बँक खात्यात जमा होते, म्हणून खाते आधारशी जोडलेले असावे. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान बंद पडते आणि माणूस "सरकारने बंद केले" म्हणत घरी बसतो. वयाची ६५ वर्षे झाली म्हणजे पुढे श्रावणबाळ योजना असते; तेव्हा आधीच चौकशी करावी.

इतर सवलती

प्रवास : एस.टी.च्या साध्या गाडीत ४० टक्के दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा अधिक असेल तर सोबतच्या एका व्यक्तीलाही ५० टक्के सवलत मिळते. रेल्वेचा नियम मात्र वेगळा आहे. तेथे केवळ ४० टक्के पुरत नाही. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारी अस्थिव्यंग किंवा मतिमंद व्यक्ती, पूर्ण अंध आणि मूकबधिर यांनाच सवलत आहे. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातील डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

साधने : कृत्रिम पाय, कुबड्या, तीनचाकी सायकल, श्रवणयंत्र अशी साधने केंद्राच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतात. ती योजना १९८१ पासून आहे. कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कारखान्यातर्फे तपासणी शिबिरे भरतात.

स्थानिक निधी : ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका व जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. आपल्या ग्रामपंचायतीने ती कशावर खर्च केली, हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे.

पालकत्व : आमच्याकडे येणारी प्रत्येक आई शेवटी एकच विचारते, "माझ्यामागे याचे कोण?" मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते, मग त्याची समज कितीही असो. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता व बहुदिव्यांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ आहे. त्याखालील स्थानिक समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. ती समिती कायदेशीर पालक नेमते. याच व्यक्तींसाठी 'निरामय' आरोग्य विमा असून त्यात १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. हे काम पालक हयात असतानाच करून घ्यावे.

विद्यार्थ्यांसाठी

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्क्यांहून कमी नाहीत इतक्या जागा राखीव असतात व वयाच्या कमाल मर्यादेत ५ वर्षांची सूट असते. परीक्षेत नियमाप्रमाणे लेखनिक मिळतो आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो. मात्र हे परीक्षेच्या दिवशी मागून मिळत नाही. परीक्षेचा अर्ज भरतानाच मागावे लागते. ज्याला लिहिणे खरोखर अशक्य आहे त्याला ४० टक्क्यांचा दाखला नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला आहे.

नववी व दहावीसाठी मॅट्रिकपूर्व आणि अकरावीपासून पुढे मॅट्रिकोत्तर अशा केंद्राच्या दिव्यांग शिष्यवृत्त्या आहेत. त्यांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती व दिव्यांगांची शिष्यवृत्ती एकाच वेळी घेता येत नाही. दोन्हींची रक्कम पाहून मगच अर्ज करावा.

नोकरीतील ४ टक्के आरक्षणाबाबत दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली, सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया या रक्तदोषांचा नोकरीच्या आरक्षणात समावेश नाही. उच्च शिक्षणातील ५ टक्क्यांत मात्र आहे. दुसरी, हे आरक्षण समांतर असते. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या सवलती बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही मिळू लागल्या. त्यामुळे आपला दिव्यांग उमेदवार अनुसूचित जात आणि दिव्यांग अशा दोन्ही नात्यांनी पात्र असू शकतो. त्याने अर्जात दोन्ही रकाने भरावेत व दोन्ही दाखले जोडावेत. दिव्यांगांच्या जागेवर त्याची निवड झाली तरी ती अनुसूचित जातीच्या जागांत धरली जाते. एक रकाना रिकामा सोडला तर पुढे तो हक्क सांगता येत नाही, असे अनेकांचे झाले आहे.

खोट्या वाटेने जाऊ नका

"इतके पैसे द्या, साठ टक्क्यांचा दाखला आणून देतो" असे सांगणारे दलाल रुग्णालयाबाहेर भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. खोटेपणाने सवलत घेणाऱ्यास कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिक्षेपेक्षाही मोठी गोष्ट अशी, की खोट्या दाखल्याने मिळवलेली जागा एखाद्या खऱ्या दिव्यांगाच्या ताटातील घास असतो. पंचशीलातील दुसरे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले घेऊ नये, हे येथेही लागू आहे.

आपले काम

त्या माउलीच्या प्रकरणानंतर आम्ही एक साधी वही केली. दाखला मिळालेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव तिच्यात लिहितो आणि पुढे पाच रकाने ठेवतो : दाखला, मुदत, अनुदानाचा अर्ज, मंजुरी, हयातीचा दाखला. पाचही रकान्यांत तारीख पडेपर्यंत ते नाव आम्ही खोडत नाही. प्रत्येक शाखेने अशी वही ठेवावी. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी द्यावा. आपल्या आळीत कोण अंथरुणाला खिळून आहे, कोणाचे मूल घराबाहेर दिसत नाही, हे महिला मंडळाच्या भगिनींना सर्वांत आधी कळते. त्यांनी ती नावे आमच्यापर्यंत पोहोचवावीत.

आणि ज्यांच्या घरी असा दाखला पेटीत जपून ठेवलेला आहे, त्यांनी तो आजच बाहेर काढावा, त्यावरील टक्केवारी व मुदत वाचावी आणि येत्या रविवारी विहारात घेऊन यावा, ही नम्र विनंती.